आठवी गोबनेट

माझ्या शाळेत त्या वर्षी एकेचाळीस मुलं होती, आणि त्यांत सात गोबनेट होत्या. आमच्या गावाची संत गोबनेट. तिची विहीर गावात, तिची मूर्ती चर्चमध्ये, त्यामुळे मुलगी झाली की नावासाठी कुणाला फारसं डोकं खाजवावं लागत नसे. हजेरी घेताना मी "गोबनेट" म्हटलं की सात जणी "हजर" म्हणत. एखादी घरी तापाने पडलेली असली, तरी ते मला दुपारच्या सुट्टीपर्यंत कळत नसे. शेवटी मी त्यांना खुणा लावल्या. लाल केसांची गोबनेट, पुलाजवळची गोबनेट, दुकानातली, लोहाराची, मोठी, छोटी, आणि एक नुसतीच गोबनेट, कारण तिला लावायला काही खूणच सापडेना. ती बिचारी त्यावरून रडली. मग मी तिला 'पहिली गोबनेट' केलं, आणि बाकीच्या सहा रडल्या.

हे सगळं मी रविवारी माझ्या बहिणीला, एलीशला, जाऊन सांगत असे आणि ती पोट धरून हसत असे. त्या उन्हाळ्यात मात्र तिचं हसणं कमी झालं. पोटात मूल होतं ना. आमच्याकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. आमची आई गोबनेट. काही घरांत बापाच्या आईचं देतात. एलीशची सासूही गोबनेट. तिच्याकडे मधमाश्यांच्या बारा पेट्या होत्या, म्हणून गावात तिला माश्यांची गोबनेट म्हणत. म्हणजे कुठल्याही वाटेने गेलं तरी शेवटी त्याच दारात पोचायचं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एलीशला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले तेव्हा चुलीजवळच्या खाटेवर ती उशीला टेकून बसली होती. पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवला होता, कारण बाप्तिस्मा होईपर्यंत बाळाला पऱ्यांपासून जपायचं असतं. मी तिच्यासाठी पाव करायला घेतला होता. पाटावर पीठ पसरलं, तेवढ्यात ती म्हणाली की तो पाट जरा इकडे आण.

बाप्तिस्म्याआधी बाळाचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही आमची रीत. ऐकू नये त्याच्या कानावर पडलं तर बाळ उचलून नेतात म्हणे. मी शिकलेली बाई, पण तीन दिवसांच्या बाळाजवळ बसून कोण असल्या गोष्टींची परीक्षा घेणार? एलीशने बोटाने पिठात एकेक अक्षर लिहिलं. मी वाचलं. मग तिने हाताने सगळं पुसलं आणि माझ्याकडे पाहत राहिली.

लासरीना.

आमच्या पणजीचं नाव ते. पणजोबा गुरांचे व्यापारी. एकदा ते वर रोसकॉमनच्या बाजाराला दोन गायी आणायला गेले आणि एक बायको घेऊन आले. गायींचं काय झालं ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. तिच्यानंतर ते नाव कुणी ठेवलं नव्हतं. मी हळूच विचारलं, टाइगला सांगितलंस का? टाइग तिचा नवरा. ती म्हणाली, सांगणार कसं? बोलायचं नाही, आणि त्याच्यासमोर पीठ पसरलं तर तो खायला काय आहे म्हणून विचारील. शिवाय नाव सांगायचं काम धर्ममातेचं. धर्ममाता तू आहेस.

"मला एवढंच हवंय, हॅना," ती म्हणाली. "मी दारात उभी राहून हाक मारली की एकाच पोरीने वळून बघावं."

मी तिला शब्द दिला. मग त्याच पिठाचा पाव केला, आणि तो आम्ही दोघींनी जरा जास्तच मन लावून खाल्ला.

बाप्तिस्मा रविवारी दोन वाजता ठरला. तेव्हा बाळंतीण चर्चला येत नसे, आणि बापाची जागा गोठ्यात बरी असं सगळेच मानत. त्यामुळे बाळाला न्यायचं ते धर्ममातेने आणि धर्मपित्याने. धर्मपिता होता कॉनी, टाइगचा धाकटा भाऊ. कॉनी सहा फूट दोन इंच उंच होता आणि वर्षाला साधारण तेवढीच वाक्यं बोलत असे. एलीशच्या सासूबाई सकाळीच, सुनेसाठी आणि नातीसाठी चार प्रार्थना म्हणते असं सांगून, काळी टोपीवाली शाल पांघरून चालत पुढे गेल्या होत्या. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

कॉनीने गाढवाची गाडी दाराशी आणली. एलीशने बाळाच्या दुपट्यात चिमूटभर मीठ बांधलं, आणि माझा हात जरुरीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. तिकडे गोठ्याच्या दारात टाइगनेही कॉनीचा खांदा धरला होता. मला ते दिसलं. मला वाटलं, भाऊ भावाला निरोप देतोय. पाच दिवस टाइग गोठ्यात काय करत होता हे मला कळलं असतं, तर मी ती गाडी तिथेच थांबवली असती.

चर्च चार मैलांवर. गाढवाचा स्वभाव असा की ओळखीचं माणूस दिसलं की ते थांबे, आणि त्याची ओळख सगळ्या गावाशी होती. जो तो गाडीजवळ येई, बाळाच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवी, "देव तिचं भलं करो" म्हणे, आणि मग नाव काढून घ्यायचा प्रयत्न करी. मी आणि कॉनी एकमेकांकडे पाहून हसायचो. चोरी एकत्र केलेली दोन माणसं हसतात तसं. मला वाटलं, टाइगला एलीशने कसंतरी सांगितलंच असणार, आणि टाइगने कॉनीला. कॉनीला वाटलं, आणखी कोणतं नाव असणार?

चौकातल्या दुकानाची किट तर गाडीच्या चाकाला धरूनच उभी राहिली. तिने आधी ब्रिजेट म्हणून पाहिलं, मग हनोरा, मग नोरीन, आणि दर नावाला माझ्या तोंडाकडे असं टक लावून पाहिलं की मी डोळेच मिटून घेतले.

"गोबनेटच असणार," किट म्हणाली. "लपवताय काय एवढं, मास्तरीणबाई?"

कॉनीचे कान लाल झाले. मला वाटलं, बिचारा हसू दाबतोय. मीही दाबलं. आम्ही दोघे इतके खुशीत होतो की पुढचा अर्धा मैल गाढवसुद्धा दुडक्या चालीने गेलं.

चर्चच्या आवारात ही गर्दी. बाप्तिस्म्यासाठी नव्हे. त्या दिवशी हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या खेळाचा, अंतिम सामना होता, आमचं कॉर्क त्यात खेळत होतं, आणि धड चालणारा रेडिओ गावात एकच, फादर टूमींचा. अशा दिवशी ते तो चर्चला लागून असलेल्या आपल्या घराच्या खिडकीत ठेवत आणि सगळं गाव खिडकीखाली उभं राही. सामना सव्वातीनला सुरू होणार होता. पण दोन वाजल्यापासूनच माणसं जागा धरून उभी होती, आणि अगदी पुढे, खिडकीच्या चौकटीला नाक लावून, एक काळी टोपीवाली शाल. सासूबाईंच्या चार प्रार्थना कुठे चालल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

गाढवाच्या कृपेने आम्ही पोचलो ते पावणेतीनला. फादर घड्याळ हातात घेऊनच उभे होते. चर्चचा सेवक मॅटी मेणबत्ती धरून होता, पण दाराजवळ, एक कान बाहेर ठेवून. फादरांनी लॅटिनमध्ये भराभर सुरुवात केली. मी बाळाला आडवं धरून पाण्याच्या दगडी कुंडाशी उभी राहिले. बाळ झोपलेलं होतं. सगळं कसं छान चाललं होतं.

"नाव काय?" फादरांनी विचारलं.

"लासरीना," मी म्हणाले.

"गोबनेट," कॉनी म्हणाला.

दोन्ही एकाच वेळी. मी कॉनीकडे पाहिलं, कॉनीने माझ्याकडे. मॅटीच्या हातातली मेणबत्ती वाकडी झाली.

फादरांनी शांतपणे विचारलं की तुमच्यापैकी कुणी मुलीच्या आईबापांना विचारलं आहे का. मी म्हणाले, मी आईला विचारलंय. कॉनी म्हणाला, मी बापाला. फादर म्हणाले, त्या दोघांनी एकमेकांना विचारलंय का? काय सांगणार? त्यांची एकच चुलीजवळची खाट, एकच पाळणा, आणि दोघांनीही रीत अशी पाळली होती की नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला नावाचं एक अक्षर कळू दिलं नव्हतं.

एवढ्यात मेणबत्ती दिसेनाशी झाली. मॅटी बाहेर गेला होता. सामना सुरू व्हायला अजून वीस मिनिटं होती, आणि खिडकीखाली उभ्या असलेल्या लोकांना ती वीस मिनिटं कशी घालवावी ते कळत नव्हतं. मॅटीने त्यांची सोय केली. बघता बघता मागचे बाक भरले. रविवारच्या मिस्साला, म्हणजे मुख्य प्रार्थनेला, इतक्या चटकन ते कधी भरलेले मी पाहिले नव्हते. किट कशी आली कोण जाणे, दुकान उघडं टाकून आली असावी. लोक अगदी हळू आवाजात बोलत होते, पण शंभर माणसं हळू बोलली की किती आवाज होतो ते आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी कळलं. अर्धे म्हणत होते, बापाचं ऐकावं. अर्धे म्हणत होते, नऊ महिने कुणी वागवलं? आणि एक म्हातारा सारखा विचारत होता की गोल कुणी केला.

फादर माणूस वाईट नव्हते, पण घाईत होते. ते म्हणाले, गोबनेट आपल्या गावची संत, नाव चांगलं, बापाची इच्छा आहे, चला, बाळ पुढे करा.

मी बाळ पुढे केलं नाही.

माझ्या शाळेचे व्यवस्थापक फादरच होते. माझ्या नेमणुकीच्या कागदावर त्यांची सही होती, आणि ती सही परत घ्यायला त्यांना एक दुपार पुरली असती. हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ आठवलं. पण एलीशचा हातही आठवला. मी एक पाऊल मागे सरले आणि बाळाला छातीशी धरलं. मी मागे वळून पाहिलं. तिथे मला माझ्याच सात गोबनेटपैकी निदान पाच जणी ओळीने बसलेल्या दिसल्या. त्या तोंड उघडं टाकून बघत होत्या.

"लासरीना नावाची संत मी तरी ऐकलेली नाही," फादर म्हणाले.

वर्गात मूल चुकलं की मी त्याला चूक आहेस असं म्हणत नाही. मी त्याला प्रश्न विचारते. तशी सवयच आहे. मी विचारलं, फादर, आपल्या देशात एकूण संत किती? ते म्हणाले, शेकडो, कुणी मोजलेत? मग मी म्हणाले, मोजले नसतील तर यादी संपली हे कसं ठरवायचं? आमच्या पणजीच्या गावाकडे लासर नावाच्या संत बाईची विहीर आहे असं ती सांगायची. लोक तिथे पाणी प्यायला जातात. हे नाव त्याच घरातलं.

फादरांनी मान डोलावली. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी विचारलं, अर्थ काय त्याचा?

इथे मी नुसतं 'ज्योत' म्हणून थांबायला हवं होतं. पण आयुष्यभर मुलांना सांगत आले होते की उत्तर अर्धं देऊ नये. मी म्हणाले, "ज्योत. मद्याची ज्योत."

फादर टूमी आमच्या भागातल्या मद्यत्याग मंडळाचे अध्यक्ष होते. त्याचं बोधचिन्ह ते कोटावर लावत, आणि दर नाताळात अख्ख्या गावाकडून दारू न पिण्याची शपथ घेत. त्यांचा चेहरा मानेपासून वर हळूहळू लाल होत गेला. माझ्या चर्चमध्ये, ते म्हणाले, माझ्या हाताने, एका तान्ह्या मुलीच्या डोक्यावर मी दारूचं नाव ठेवायचं?

आता संपलंच, असं मला वाटलं. आणि तेव्हा कॉनीने घसा साफ केला. सगळं चर्च त्याच्याकडे वळलं, कारण कॉनीचं त्या दिवसाचं वाक्य होऊन गेलं होतं.

"फादर," कॉनी म्हणाला, "सकाळी मिस्साच्या वेळी तुमच्या पेल्यात काय होतं?"

मिस्साच्या पेल्यात वाइन असते हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मग मागून कुठेतरी कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता. तो शेजारच्याला लागला, त्याचा पुढच्याला, आणि सगळे बाक रुमाल तोंडात घालून हलू लागले. फादरांचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण त्यांचे खांदेही जरासे हलले हे मी शपथेवर सांगते.

पण प्रश्न सुटला नव्हता. कॉनी माझ्याकडे वळून अगदी केविलवाणं म्हणाला की मास्तरीणबाई, नाव मलाही आवडलं, पण मी टाइगला शब्द दिलाय. टाइग म्हणालाय, आईचं नाव नाही ठेवलं तर आईला वाईट वाटेल. मग मी काय करू?

फादर म्हणाले, तुझी आई कुठे आहे?

सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई एकट्याच जागेवरून हलल्या नव्हत्या. चर्चमध्ये जग बुडत असलं तरी खिडकीतली जागा सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. दोन माणसं त्यांना आणायला गेली आणि हात हलवत परत आली. शेवटी किट गेली. तुमची जागा मी धरून बसते असं तिने वचन दिलं, तेव्हा कुठे त्या आल्या. काळ्या टोपीतून फक्त नाक आणि दोन डोळे दिसत होते, आणि ते तिन्ही रागावलेले होते.

"आत्ता संघ मैदानात उतरतायत," सासूबाई म्हणाल्या. "काय ते लवकर बोला."

फादरांनी सांगितलं. आईने हे नाव सांगितलंय, बापाने तुमचं. सासूबाईंनी दोन्ही नावं ऐकली. मग त्या कॉनीकडे वळल्या.

"माझं नाव द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

कॉनी म्हणाला, कुणी नाही, आई, पण तुला वाईट वाटेल असं टाइगला वाटलं.

"वाईट?" त्या म्हणाल्या. "साठ वर्षं या गावात कुणी 'गोबनेट' म्हटलं की मी मान वळवतेय, आणि दहा वेळा वळवली की त्यातली एक हाक माझी असते. माझी मान आखडली ती काय मधमाश्यांनी? तुझा बाप मला मागणी घालायला निघाला, तो पहिल्यांदा दुसऱ्याच गोबनेटच्या घरी गेला. तिच्या आईने त्याला अख्खा हंस भाजून वाढला. तो जेवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की बाई वेगळी आहे. आमच्याकडे आला तेव्हा पोट भरलेलं. आमच्याकडे भाजलेला हंस तसाच राहिला. माझ्या आईने मरेपर्यंत त्याला माफ केलं नाही."

मग त्यांनी माझ्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. दुपट्याचं टोक बोटाने बाजूला केलं. आवाज जरा खाली आला.

"हिला हाक मारली की हिनेच वळावं," त्या म्हणाल्या. "काय म्हणालीस तू ते नाव?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, मधाची चव घेतात तसं, आणि मान डोलावली.

फादरांनी शेवटचा प्रयत्न केला. या तुमच्या संत लासरचा सण कोणत्या तारखेला असतो? मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, माहीत नाही, शोधून सांगते.

"मग रोज प्रार्थना करा तिची," सासूबाई म्हणाल्या. "एखादा दिवस बरोबर निघेलच."

त्याच वेळी बाहेरून रेडिओतल्या वाद्यांचा आवाज आला, आणि सगळं चर्च जागच्या जागी चुळबुळू लागलं. फादरांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कुंडाकडे पाहिलं. मी बाळ पुढे केलं. त्यांनी पाणी ओतलं, आणि लासरीना जागी होऊन अशी काही रडली की त्या म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, गोल झाला का?

चर्च रिकामं व्हायला अर्धं मिनिट लागलं. फादर सर्वांत पुढे होते. मी सासूबाईंना गाडीत बसायला बोलावलं, तर त्या चालता चालता म्हणाल्या की नातीचं झालं, आता कॉर्कला माझी गरज आहे.

पण निघण्याआधी मला एक काम होतं. मी खिडकीजवळ गेले आणि सगळ्या गावाला, शाळेतल्या आवाजात, एक गोष्ट सांगितली. हे नाव एलीशला पहिल्यांदा माझ्या तोंडून कळलं पाहिजे. तिच्या घरावरून जाताना कुणी अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर माझ्याशी गाठ आहे. त्या गर्दीतल्या निम्म्यांना पाढे मीच शिकवले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला वाटलं होतं, आम्ही सामना संपायच्या आत घरी पोचू. पण गाढवाला वाटेत एकही ओळखीचं माणूस भेटलं नाही, त्याची त्याला इतकी चिंता वाटली की ते दर वळणावर उभं राहून वाट पाहू लागलं. आम्ही दोन मैल गेलो नाही तोच मागून सायकली आल्या. कॉर्क जिंकलं होतं. पहिला सायकलवाला ओरडतच आला, पण गाडी दिसताच त्याने तोंड मिटलं, टोपी काढली आणि एक डोळा मारून पुढे गेला. मग दुसरा. मग तिघे एकदम. मग सात गोबनेटपैकी चार, दोन सायकलींवर. किट तर रुमालाचा बोळा दातांत धरूनच सायकल चालवत होती, आणि तिचे डोळे आनंदाने बाहेर यायच्या बेतात होते.

एलीश त्या वेळी खिडकीशी टेकून रस्त्याकडे पाहत बसली होती. तिने मला नंतर सांगितलं. तिने एकामागून एक चाळीस माणसं जाताना पाहिली. सगळी तिच्या घराकडे बघत होती, आणि एकही बोलत नव्हतं. तिने एवढाच अर्थ काढला की कॉर्क हरलं आणि पोरीचं नाव गोबनेट ठेवलं.

मी आत गेले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाळासाठी हात पुढे केले आणि म्हणाली, जाऊ दे हॅना, तू तरी काय करणार. मी बाळ तिच्या कुशीत ठेवलं आणि तिच्या कानात नाव सांगितलं. आता ते मोठ्याने म्हणायला हरकत नव्हती. तरी कानातच सांगितलं.

तिने बाळाच्या तोंडाकडे पाहून हाक मारली, अगदी हळू, पहिल्यांदाच. मग जरा मोठ्याने. मग पुन्हा, आणि पुन्हा, आणि हसत सुटली. ते पिठाच्या पाटाच्या दिवसापासून आत दाबून ठेवलेलं हसू होतं, ते थांबेचना. मग मी हसू लागले. पाळण्यावरचा चिमटा काढून मी चुलीत निखारे सारायला घेतला, आणि तो हातातून दोनदा पडला.

दारात टाइग उभा होता. त्याच्या मागे कॉनी, भिंतीला चिकटून. टाइगने नाव ऐकलं होतं. त्याने भावाकडे पाहिलं, आणि कॉनीने घाईघाईने सांगितलं की आईनेच नको म्हटलं, हंसाची गोष्ट सांगितली, सगळ्या गावासमोर.

टाइग खुर्चीवर बसला. गुडघ्यांवर हात ठेवून त्याने दारातून गोठ्याकडे पाहिलं.

"मग आता गायीचं काय करायचं?" तो म्हणाला.

हळूहळू उलगडा झाला. बाळाचं नाव बाळाजवळ घ्यायचं नाही, पण जिभेला सवय तर व्हायला हवी, म्हणून हा माणूस पाच दिवस गोठ्यात जाऊन तपकिरी गायीला 'गोबनेट' म्हणून हाका मारत होता. प्रेमाने, रागाने, जेवायला बोलावल्यासारखी, शाळेतून उशीर झाल्यासारखी. गाय शिकली होती. आता ती दुसऱ्या कुठल्याच हाकेला वळत नव्हती. कॉनी बाहेर जाऊन खात्री करून आला. म्हणाला, खरं आहे, आणि एकदा म्हटलं की चालत येते, तुमच्या शाळेतल्या सातांपेक्षा लवकर.

अंधार पडायच्या आत सासूबाई आल्या. त्यांना हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता, पण सांगायची वेळच आली नाही. गोठ्यावरून येताना त्या कॉनीवर ओरडल्या की दार उघडं का टाकलंस, त्याने "आलो, गोबनेटला बांधतोय" म्हटलं, आणि दोन डोकी एकदम वळली. एक टोपीतलं, एक शिंगांचं. सासूबाईंनी त्या गायीला शेपटीपासून शिंगांपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, निदान ही दूध तरी देते. आणि आत येऊन त्यांनी सुनेसाठी मधाची बरणी काढली. ती त्या कुणाला देत नसत.

पुढची गोष्ट एलीशच्या हातात नव्हती, माझ्याही नव्हती. फादर टूमी त्या बाप्तिस्म्याची गोष्ट आसपासच्या सगळ्या पाद्र्यांना सांगत सुटले. ती सांगताना कॉनीचं वाक्य ते स्वतःच्या तोंडी घालत. लोकांना नाव आवडलं. म्हणायला गोड, कॉर्क जिंकलं त्या दिवशीचं, आणि एवढ्या भांडणानंतर मिळालेलं. त्या हिवाळ्यात लोहाराकडे मुलगी झाली, तिचं नाव लासरीना. मग पुलाजवळच्या घरात. मग किटच्या भाचीला झाली, आणि किटने तर नाव आपणच शोधल्यासारखं हिशेबाच्या वहीतल्या पानावर लिहून दुकानात लावलं.

पाच वर्षांनी पहिलीच्या वर्गात मी नवी हजेरी लिहायला बसले. गोबनेट त्या वर्गात एकही नव्हती. लासरीना चार होत्या. मी एक उसासा टाकला आणि खुणा शोधायला लागले.

पहिल्याच दिवशी शाळा सुटताना एलीश न्यायला आली. फाटकाशी तिच्याबरोबर सासूबाईही होत्या, त्याच काळ्या टोपीत. मी खिडकीतून पाहत होते, आणि ओरडून तिला सावध करणार होते, पण तेवढ्यात तिने तोंडाला हात लावून हाक मारलीच.

"लासरीना!"

आवारातल्या चार मुलींनी एकदम वळून पाहिलं.

एलीशचा हात तसाच तोंडाशी राहिला. सासूबाईंनी आखडलेली मान हळूहळू तिच्याकडे वळवली, आणि मला इथून दिसत होतं, त्या टोपीच्या आत हसत होत्या.

वळल्या चौघी. पण दप्तर, चपला, डबा, सगळं तिथेच टाकून धावत सुटली ती एकच.